चर्चचं आवार गावाला खुलं करायचंय, तर सुरुवात कुठून?

टीचर, तुम्ही कमिटीच्या वतीने विचारलंय, म्हणून बैठकीत मोठ्याने वाचता येईल असं लिहितो. कुणाला टोचलं तर दोष माझ्यावर टाका.

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते कळेल. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं जांभ्याचं जुनं चर्च, मागे फादरांचं घर, बाजूला बंद पडलेली चार खोल्यांची मराठी शाळा. तिची एक खोली कोसळलीय. एक विहीर, सिमिस्तेर म्हणजे दफनभूमी, आणि पुढे गावातली पोरं क्रिकेट खेळतात ती मोकळी जागा. पॅरिशची, म्हणजे या चर्चच्या मंडळीतली, निम्मी माणसं गोवा, पुणे आणि आखातात, मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) उरलेली मंडळी पन्नाशीच्या पुढची. आवार दुरुस्त करून सगळ्या गावाच्या उपयोगाला आणायचं, यावर एकमत आहे. वाद आहे तो क्रमावरून. काहींना आधी चर्च नवंकोरं हवंय: सिमेंटचं प्लास्टर, आत ग्रॅनाइट, दारात कमान. काहींना भाड्याने देण्यासारखा लग्नाचा हॉल हवाय.

माझा क्रम असा: आधी पाणी, मग शाळा, मग चर्चचं छप्पर आणि भिंती, आणि आतली शोभा अगदी शेवटी. तीस वर्षं जुन्या इमारतींत वावरतोय. उलट्या क्रमाने केलेल्या कामांचे पैसे दोनदा खर्च झालेले पाहिलेत, आणि त्यातलं एक काम माझंच होतं.

ते आधी सांगून टाकतो. वीस वर्षांपूर्वी जंगलाकडच्या एका कोपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, भिंतींचा चुन्याचा गिलावा सुटत होता. लोक म्हणाले, "सिमेंट मारून टाकूया, पुढची पन्नास वर्षं बघायला नको." मीही मान डोलावली. चुना मळणारा गवंडी मिळत नव्हता आणि फेस्त (चर्चचा वार्षिक सण) तोंडावर आलं होतं. पहिल्या पावसाळ्यात काही दिसलं नाही. तिसऱ्या पावसानंतर आतल्या बाजूने रंगाला फोड आले, वेदीच्या मागची भिंत मिठासारखी पांढरी झाली, आणि सिमेंटचा पापुद्रा सोलला तेव्हा मागचा चिरा बोटाने कोरता येत होता. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि सावकाश बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो, सिमेंट ती वाट बंद करतं. आत कोंडलेलं पाणी क्षार घेऊन फिरत राहतं आणि चिऱ्याचा भुगा करतं. सिमेंट काढताना चिऱ्याचा वरचा थरही त्याच्याबरोबर निघाला. ते कोपेल आज उभं आहे, पण भिंती बोटभर पातळ झाल्यात.

याच्या उलटी चूक बघायची असेल तर जुन्या गोव्याला जा. बॉम जेझूसची बॅसिलिका १६०५ सालची. आपण सगळे तिला लाल, उघड्या दगडाची म्हणूनच ओळखतो, फोटोही तसेच काढतो. पण बाहेरून तिला चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या दुरुस्तीत तो काढून टाकला, दगड उघडा छान दिसतो म्हणून. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट जांभ्यावर पडतोय आणि दगड झिजतोय. गिलावा परत चढवावा की नाही यावर अजून वाद आहेत, कारण दोन पिढ्यांच्या डोळ्यांना लालच सवयीचं झालंय. म्हणून तुमच्या कमिटीतल्या ज्यांना 'प्लास्टर काढून दगड दाखवूया, हेरिटेज लुक येईल' असं वाटतं, त्यांनाही माझं उत्तर नाहीच. आपल्याकडचा चिरा उघडा ठेवण्यासाठी नव्हता, तो चुन्याचा अंगरखा घालूनच उभा होता.

आता पाणी. कनकुंबी, जांबोटीकडून येणारा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! पण एक हिशेब कमिटीसमोर ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर तीनशे चौरस मीटरचं धरलं, तर शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशी तीस हजार लिटर पाणी वळचणीवरून खाली येतं, म्हणजे पाण्याचे पाच-सहा टँकर. ते कुठे जातं? तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला दिसतंय की ते जातच नाही. कुणीतरी चर्चभोवती पेव्हर ब्लॉक बसवलेत, अगदी भिंतीला चिकटून. त्याआधी मुरूम, त्याआधी काँक्रीट. दर वेळी जमीन चार बोटं वर आली आणि जोतं निम्मं गाडलं गेलं. मग पाणी भिंतीकडे वळणारच. सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीशेजारच्या फादरांच्या तयारीच्या खोलीत, जी कमरेएवढी ओल दिसतेय ती छपरातून आलेली नाही, खालून चढलेली आहे. वरून कितीही रंग द्या, ती परत येणार.

म्हणून पहिलं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत न दिसणारं आहे. भिंतीपासून दोन-तीन मीटरपर्यंतचे ब्लॉक काढा. जुनं जोतं उघडं होईपर्यंत माती उतरवा, पण हाताने, कुदळीने. जेसीबी भिंतीजवळ आणू नका, पाया किती खोल आहे ते कुणी पाहिलेलं नाही. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला द्या. त्याच्या कडेला खडीने भरलेला चर काढा आणि तो सिमिस्तेराच्या उलट दिशेला न्या. छपराच्या पन्हळीचं पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येईल. पण आधी विहीर उपसून तिचं पाणी तपासून घ्या, आणि शौचालयाची टाकी तिच्यापासून किती लांब आहे ते मोजा. पंधरा मीटरच्या आत असेल तर टाकी हलवल्याशिवाय विहिरीत पाणी सोडू नका. हे काम झाल्यावर एक पूर्ण पावसाळा थांबा, भिंत वाळू द्या. ज्यांना फेस्ताच्या आधी उद्घाटन हवंय ते चिडतील. चिडू देत.

त्या थांबण्याच्या वर्षात शाळा उघडा.

इथे तुमच्या एका सदस्याने पाठवलेल्या फोटोंविषयी बोलायला हवं. कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्ह गावचं ते काचेचं ख्राइस्ट कॅथेड्रल. "असं काहीतरी करायचं" असं त्याखाली लिहिलंय. मला हसू आलं, पण त्या उदाहरणात तुमच्या कामाची गोष्ट खरंच आहे, फक्त ती काचेत नाही. ते मुळात कॅथलिक चर्चच नव्हतं. टीव्हीवरून प्रवचनं करणारे रॉबर्ट शुलर यांच्या प्रोटेस्टंट मंडळीसाठी फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुकारांनी ते बांधलं. १९८० साली पूर्ण झालं, दहा हजारांहून जास्त काचा. २०१० मध्ये ती संस्था दिवाळखोरीत गेली आणि २०१२ मध्ये ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने पाच कोटी पंच्याहत्तर लाख डॉलरला सगळं आवार घेतलं. आता बघा त्यांनी काय केलं. २०१३ मध्ये जवळच्या सेंट कॅलिस्टस पॅरिशची माणसं आणि शाळा त्या आवारात आणली. मिस्सा सुरू झाली ती १९६१ सालच्या जुन्या, लहान इमारतीत. मोठं काचेचं चर्च बंदच होतं, त्याचं काम चालू होतं. ते खुलं झालं १७ जुलै २०१९ला. म्हणजे सहा वर्षं आवार माणसांनी भरलेलं होतं आणि मुख्य इमारत परांचीत होती. इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा एकाच आवारात होतात. कोकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषांत मिस्सा ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल ते काय? पैसा त्यांच्याकडे अफाट होता, तो सोडा. क्रम घेण्यासारखा आहे.

तर शाळा. तीन खोल्या उभ्या आहेत. एकीत अभ्यासिका करा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोरांना घरी बसायला जागा नसते, टीव्ही चालू असतो, लाईट जातो. चार टेबलं, इन्व्हर्टर, पिण्याचं पाणी, आणि संध्याकाळी सहा ते नऊ बसणारा एक मोठा माणूस, एवढं पुरे. दुसरी खोली बायकांच्या बचत गटांना द्या. त्यांच्या बैठका आता कुणाच्या तरी पडवीत होतात. तिसरी रिकामी ठेवा. खरंच रिकामी. सहा महिन्यांत गावच सांगेल ती कशाला हवीय. डॉक्टर महिन्यातून एकदा बसेल, नाहीतर म्हाताऱ्यांना पत्ते खेळायला लागेल. आधीच ठरवून 'बहुउद्देशीय' अशी पाटी लावलेली खोली शेवटी मोडक्या खुर्च्यांचं कोठार होते, हे मी पाहत आलोय.

कोसळलेली चौथी खोली पुन्हा बांधू नका. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ साली कोसळला आणि परत कधी उभारला नाही. आजही ते एका मनोऱ्याचंच कॅथेड्रल आहे, उरलेल्या मनोऱ्यात सुवर्णघंटा वाजते आणि कुणाला काही अडत नाही. तुमच्या खोलीचं जोतं शाबूत आहे. त्यावरचा राडारोडा उचला, चांगले चिरे चर्चच्या दुरुस्तीसाठी रचून ठेवा, आणि जोतं नीट करून कट्टा करा. शेजारी फणस आहेच, सावली तयार. मला विचाराल तर अख्ख्या आवारातली सर्वांत जास्त वापरली जाणारी जागा तीच होईल.

एक नाजूक गोष्ट. चर्चमध्ये काहीही फुकट मिळतंय म्हटल्यावर संशयाने बघणारे आजकाल सगळीकडे आहेत. त्यावर रागावून उपयोग नाही. अभ्यासिकेची व्यवस्था बघणाऱ्या पाच जणांत दोन-तीन जण पॅरिशबाहेरचे घ्या: हायस्कूलचे सर, ग्रामपंचायतीतलं कुणी, बचत गटाची एखादी मावशी. खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे राहू द्या. भिंतीवर वेळापत्रक आणि वर्तमानपत्र असावं, बाकी काही नको. आणि कंपाउंडची भिंत दहा फूट करण्याचा जो ठराव आहे तो मागे घ्या. क्रिकेट खेळणारी पोरं हीच तुमची राखण आहे. पाटी कोणत्या भाषेत, हा आपल्या भागात कायमचा गरम विषय. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड ठेवण्याचा नियम २०२४मध्ये कडक झालाय. कन्नड मोठं, खाली मराठी आणि कोकणी, एकाच रंगात. भांडायला इतर जागा आहेत.

हॉलबद्दल थोडक्यात. पत्र्याचा हॉल चर्चला लागून बांधला की छपराचं पाणी दोन इमारतींच्या मध्ये पडतं आणि चर्चची ती भिंत कायमची ओली होते. शिवाय लग्नाची जेवणं, डीजे, पार्किंग. कॅनन लॉमध्येही, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, पवित्र जागेत उपासनेला साजेसंच व्हावं असं १२१०वं कलम सांगतं. वेगळा वापर हवा असेल तर बिशपांची त्या त्या वेळची परवानगी लागते. शाळा आणि मोकळी जागा यांना ती अडचण नाही. भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर रस्त्याकडच्या कोपऱ्यात दोन गाळे काढा.

आता चर्च. कौलं मंगलोरी आहेत, पण बदललेली बरीच खानापूरच्या लाल मातीची दिसतात; मापात फरक असतो, म्हणून सांध्यातून गळतं. सगळी उतरवून, धुऊन, मापाप्रमाणे वेगळी करा. एका बाजूच्या पाख्यावर एकाच जातीची चढवा. पत्रा घालून वर कौलं ठेवण्याची आता पद्धत पडलीय, आणि माकडांमुळे मीही तिला पूर्ण नाही म्हणत नाही. पण पत्र्याखाली हवा खेळायला फट ठेवली नाही तर वासे खालून कुजतात. लाकूड तपासताना मधला भाग ठोकून समाधान मानू नका. कैचीची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे दाभण खुपसा. कुजायची सुरुवात तिथूनच होते, वाळवीही तिथूनच चढते. टोक गेलं म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते. चांगला सुतार कुजलेला हातभर भाग कापून सागाचा तुकडा सांधून देतो. असे सुतार कमी राहिलेत, पण आहेत. अंदाजपत्रकात शंभरातले वीस रुपये 'कौलं उतरवल्यावर दिसेल ते' या खात्यात ठेवा. ते लागतातच.

छपरावर काम चालू असताना वेल्डिंग, ग्राइंडर, गॅसची बत्ती, काहीही नको. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ला आग लागली तेव्हा तिथेही दुरुस्तीच चालू होती. परत दार उघडायला डिसेंबर २०२४ उजाडला. तुमच्याकडे तर वाशांवरून साठ वर्षांपूर्वीची कापडी वायर गेलीय. ती कौलं उतरवण्याच्या आधीच तोडा. रोज काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथे थांबला पाहिजे, मजुरी देऊन.

चुन्याचं काम दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत. पावसात तो वाळत नाही, एप्रिलच्या उन्हात भराभर सुकून तडकतो. चुनखडी लांबून आणायला नको, बागलकोट-लोकापूरकडे आहे. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान महिनाभर मुरवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, त्यात विटांचा चुरा. गूळ आणि हिरड्याचं पाणी जुने गवंडी घालत, आपणही घालू. पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा, आणि वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट मारलात तर पुन्हा सिमेंटचीच कथा. मागच्या भिंतीत पिंपळ आलाय तो उपटू नका, मुळं चिरे ओढून आणतील. बुंधा कापून मुळं मारा, मग तिथले सांधे खोलून चुन्याने भरा.

वेदीच्या लाकडी कोरीवकामावर सोनेरी ऑइलपेंट चढलाय, तो मलाही खुपतो. पण राहू द्या. त्याखाली मूळ रंग असू शकतो, आणि तो घासून काढायला लावलेला पॉलिशवाला मूळ रंगही घेऊन जाईल. त्या कामाचा जाणकार नंतर शोधू.

कागद आणि पैसा. बेळगाव धर्मप्रांत १९५३चा. त्याआधी या भागातली बरीच चर्चेस गोव्याकडे होती, तेव्हा चर्चच्या बांधणीचे जुने कागद हवे असतील तर गोव्याच्या आर्चडायोसीजकडे (महाधर्मप्रांताकडे) चौकशी करा. जमिनीचा उतारा आणि ग्रामपंचायतीचे ई-स्वत्तूचे (मालमत्ता नोंदीचे) फॉर्म कुणाच्या नावावर आहेत ते आताच बघा. वारलेल्या फादरांच्या नावावर निघालेली शाळा मी एकदा पाहिलीय, तिच्या दुरुस्तीचा परवाना वर्षभर अडकला होता. वित्त समिती तर प्रत्येक पॅरिशला कॅनन लॉच्या ५३७व्या कलमाने बंधनकारकच आहे, तिच्यात एखादा हिशेबाचा माणूस घ्या.

आखातातली मुलं पैसे पाठवायला तयार आहेत असं तुम्ही लिहिलंय. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरले जात नाहीत. पण आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी गोव्याच्या आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडन गाठलंय. ते आता विदेशी नागरिक, त्यांचा एक रुपयाही एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेकडेच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातूनच यायला हवा. पाठवणारा आपल्या सख्ख्या मावशीचा मुलगा असला तरी. धर्मप्रांताच्या कार्यालयाशी बोलल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर खातेक्रमांक फिरवू नका.

मी मिरगाच्या आधी एकदा येऊन जाईन. तोवर दोन कामं करून ठेवा. वळवाचा मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन आवारात फिरा आणि पाणी जिथे साचतं तिथे खुंट्या ठोका. आणि सॅक्रिस्टीच्या बाजूचं एक फुटकं कौल काढून त्याच्या पाठीवरचा छाप वाचून मला कळवा. कारखान्याचं नाव दिसेल, त्यावरून छप्पर शेवटचं कधी बदललं याचा अंदाज येतो, आणि तशीच कौलं कुठल्या पाडलेल्या घरातून मिळतील ते मला आत्तापासून विचारत बसायला बरं.